टिटवीशिवाय ससाणा

लहानपणी तो रडायला लागला की गल्लीच्या टोकाची माणसं खिडकीत येऊन बघायची. म्हणून थोरल्या बहिणीनं त्याचं नाव भोंगा ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. पुढे आवाज फुटला, खाली उतरला, दाणेदार झाला आणि त्याच आवाजावर त्याचं पोट चालायला लागलं. लिफ्टमध्ये "दार बंद होत आहे" म्हणणारा तोच, आणि बँकेला फोन लावला की "कृपया प्रतीक्षा करा" म्हणणाराही तोच. ताई म्हणायची, "अख्खं शहर तुझं ऐकतं रे भोंग्या, पण रस्त्यात तुला कुत्रंही ओळखत नाही."

पंचविशीत त्याला एका व्हिडिओ गेमसाठी बोलावणं आलं. गेमचं नाव 'खिंडीपलीकडे'. गोष्ट होती डोंगरातून टपाल पोचवणाऱ्या धावपटूंची. खेळणारा जिला पळवतो ती नायिका टिटवी: ठेंगणी, काटक, तोंडाची तिखट. आणि वाटेत सतत तिला आडवा येणारा तो ससाणा: उंच, देखणा, स्वतःवरच खूश. ससाण्याचा आवाज भोंग्याचा.

काम किरकोळ होतं. "बाजूला हो!", "हरलीस!", "टिटवीनं समुद्र आटवायचा म्हणे!" असली वाक्यं, आणि पडल्यावर, आपटल्यावर काढायचे चार-दोन आवाज. गेमच्या कामात नटांना एकत्र बोलवत नाहीत. ज्याला जशी सवड तसा तो येतो, काचेमागच्या खोलीत एकटा उभा राहतो, आपली वाक्यं बोलतो आणि घरी जातो. टिटवीची वाक्यं दुसऱ्या शहरातल्या कुणा बाईनं आधीच बोलून ठेवलेली असायची. साउंडमास्तर ती भोंग्याच्या कानात सोडायचा आणि भोंग्यानं उत्तर द्यायचं.

पहिल्याच दिवशी हेडफोनमधून ती बाई म्हणाली, "ससाण्या, श्वास तरी घे. पडशील."

भोंग्याचं वाक्य होतं, "तू तुझं बघ!" पण ते तोंडातून निघेना. कारण ती बाई ते वाक्य हसू दाबून बोलली होती. कागदावर कुठेही तसं लिहिलेलं नव्हतं. आपल्या पडण्याची कुणाला तरी खरोखर काळजी आहे आणि तरी आपली गंमतही वाटतेय, असं काहीतरी त्या आवाजात होतं. आतापर्यंत त्याच्या कानात सगळे "थोडं जोरात" आणि "थोडं हळू" एवढंच बोलत आले होते.

"काय झालं? वाक्य विसरलास?" काचेपलीकडून साउंडमास्तर म्हणाला.

"नाही. तिचं परत लावा."

मास्तरनं परत लावलं. भोंग्यानं आणखी एकदा मागितलं. पुढे ती रीतच पडली.

गेम चालला. दोन-तीन वर्षांनी दुसरा भाग आला आणि त्यात ससाण्याची पार वाट लागली. नव्या लेखकानं त्याला विदूषक करून टाकलं. तो चिखलात घसरतो, बकरी त्याची पिशवी पळवते, माकड त्याच्या डोक्यावर फळ मारतं. भोंग्याला वाक्यंही तशीच. काम झाल्यावर तो मास्तरला म्हणाला, "याला एवढा मूर्ख केलात, मग त्याला हरवण्यात टिटवीची काय मोठी शान राहिली?" मास्तर म्हणाला, "मी फक्त बटणं दाबतो, बाबा."

तिसऱ्या भागाच्या वेळी मात्र तो लेखक गेला आणि एक लेखिकाबाई आली. आखूड केसांची, सतत पेन चावणारी. तिनं पहिल्यांदाच भोंग्याला कामाआधी बोलावून घेतलं आणि समोर बसवून विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही ससाणा करताय. त्याला काय हवंय, असं तुम्हाला वाटतं?"

असलं काही कुणी त्याला कधी विचारलं नव्हतं. तो गोंधळून म्हणाला, "जिंकायचंय."

"जिंकायचंच असतं तर तो दुसऱ्या वाटेनं गेला असता. वाटा तर भरपूर आहेत. मग तो नेमका तिच्याच वाटेवर का येतो?"

भोंगा म्हणाला, "ती बघते म्हणून."

लेखिकाबाईनं तोंडातलं पेन काढलं.

त्या भागात वादळाचा प्रसंग होता. खिंडीतल्या एका दगडी खोपटात दोघं अडकतात. टिटवीचा पाय मुरगळलेला. ससाणा एकटाच पुढे गेला तर शर्यत त्याची. हेडफोनमधून ती बाई म्हणाली, "जा ना. जिंकशील." आणि त्या 'जा ना'मध्ये 'नको जाऊस' इतकं स्वच्छ भरलेलं होतं की भोंग्याच्या अंगावर काटा आला. त्याचं उत्तर होतं, "जिंकून मग दाखवू कुणाला?" तो ते कुजबुजल्यासारखं बोलला. लिफ्टवाल्या आवाजाचा मागमूसही त्यात नव्हता. मास्तरनं एकदाच घेतलं आणि दुसऱ्यांदा मागितलं नाही.

तिच्या रेकॉर्डिंगच्या त्या तुकड्याच्या शेवटी चुकून राहून गेलेलं काहीतरी होतं. कागद सरकल्याचा आवाज, एक खोकला, आणि मग ती बाई तिच्याकडच्या कुणाला तरी म्हणत होती, "परत ऐकवा ना ते." भोंग्यानं ठरवून टाकलं की ते त्याच्याबद्दलच आहे. म्हणजे तिच्याही कानात तो असतो. तीही त्याला परत परत ऐकते.

या एका गोष्टीवर त्यानं किती वर्षं काढली, ते त्यालाच ठाऊक.

गेमच्या अखेरच्या नामावळीत तिचं नाव असायचं. शोध घेतला असता तर फोटोही मिळाला असता. त्यानं घेतला नाही. ताईनं ओळखीतल्या एक-दोघींशी त्याची गाठ घालून दिली. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एकीशी तर बऱ्यापैकी जमतही आलं होतं. वर्षभर दोघं फिरले, तिच्या आईवडिलांकडे जेवून आले. मग एके दिवशी ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही ऐकता छान. पण मी बोलत असताना तुम्ही दुसरंच काहीतरी ऐकत असता." तो नाही म्हणू शकला नाही. ताईनं कपाळाला हात लावला.

ताईची मुलगी, म्हणजे त्याची भाची, मात्र गेमच्या बाजूची होती. ताईचं घर वरच्या मजल्यावर, भोंग्याचं खाली. शाळेतून आली की ती मामाकडेच गेम लावून बसायची. पुढे ती शिकली, फिजिओथेरपिस्ट झाली, लोकांचे गुडघे वळवायला लागली, पण ससाण्यावरचा तिचा हक्क कायम राहिला.

"पहिल्या भागात तू नुसता माजलेला होतास, मामा," ती सांगायची. "दुसऱ्यात वाया गेलास. तिसऱ्यात माणसात आलास. आणि चौथ्यात तर मी टिटवीला बाजूला ठेवून तुझीच काळजी करत होते."

चौथा भाग खरंच तसा होता. ससाणा थोराड झालेला, गुडघ्यात अधू. शर्यती सोडून तो नव्या पोरांना पळायला शिकवतो. शेवटी टिटवी खिंडीपलीकडच्या मुलखात कायमची निघते. हेडफोनमधली बाई म्हणाली, "चल की माझ्याबरोबर." आवाज आता थोडा जड झाला होता, कडेनं जरा खरखरीत, पण ढब तीच. ससाण्याचं उत्तर होतं, "मला तुझी वाट अडवायची सवय. सोबत चालायची नाही." त्या दिवशी भोंगा स्टुडिओतून निघाला आणि घराच्या उलट्या दिशेला बराच वेळ चालत गेला.

मग बरीच वर्षं काहीच नाही. आणि एके दिवशी निर्मात्याचा स्वतःचा फोन. पाचवा भाग येतोय. "अहो, लोकांना विचारलं आम्ही. आवडतं पात्र कोणतं? ससाणा! टिटवीपेक्षा पुढे. या वेळी खेळणाऱ्याच्या हातात ससाणाच आहे. नामावळीत तुमचं नाव सगळ्यात वर."

ताईनं शेजारपाजाऱ्यांना सांगितलं. भाचीनं उडी मारली. भोंगाही खूश होता, पण खरं सांगायचं तर नावासाठी नाही. जेवढी वाक्यं जास्त, तेवढी ती कानात जास्त, असा त्याचा साधा हिशेब होता.

स्टुडिओत गेला तर संहिता जाडजूड. त्यानं खोलीत शिरून हेडफोन चढवले, घसा साफ केला आणि म्हणाला, "तिची वाक्यं लाव."

मास्तर आता पुरता टकला झाला होता. त्यानं चष्मा पुसायला घेतला.

"आली नाहीत का अजून?" भोंग्यानं विचारलं.

"येणार नाहीत. या भागात ती नाहीये."

"म्हणजे?"

"खिंडीपलीकडे गेलेली टिटवी गायब झालीय. ससाणा तिला शोधायला निघतो. अख्खा भाग तोच शोध. वाच की जरा."

भोंग्यानं पानं उलटली. सगळीकडे त्याचीच वाक्यं. 'टिटवी, कुठे आहेस?', 'टिटवी, ऐकतेस का?' आणि त्यांच्याखाली कोरी जागा. त्यानं पहिलं पान बोलून बघितलं. कानात फक्त त्याचा स्वतःचा आवाज घुमला. त्यानं हेडफोन काढून खुंटीला लावले आणि म्हणाला, "आज घसा बरा नाही."

लेखिकाबाई खालच्या चहाच्या टपरीवर भेटली. तिनंच विषय काढला. "रागावलात ना?"

"तिला काढलं का?"

"मी नाही काढलं. वरून आलं. लोकांना ससाणा हवाय, जुन्या बाईचा आवाज आता पोक्त वाटतो, असलं काहीबाही." तिनं ग्लास खाली ठेवला. "मी एवढंच करू शकले, की निदान त्याला तिच्या शोधात पाठवलं. नाहीतर ते तिला मारून टाकत होते."

"म्हणजे मी चांगलं काम केलं म्हणून तिचं गेलं."

"असं नका म्हणू."

"मग कसं म्हणू?"

लेखिकाबाईनं पेनाचं टोपण चावलं आणि स्वतःहून एक पत्ता सांगितला. "पूर्ण वेळ आवाजाचं काम ती करत नाहीच. कानांच्या दवाखान्यात असते. जाऊन या. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

भाची म्हणाली, "जा. नाही गेलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही." ताई म्हणाली, "इतकी वर्षं एका आवाजासाठी झुरलास? अरे, मला वाटायचं तुला मुलीच आवडत नाहीत." आणि तिनं त्याचा शर्ट इस्त्रीला घेतला.

दवाखाना त्या दुसऱ्या शहरात, एका शांत रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर होता. बाकड्यावर म्हातारी माणसं बसलेली. प्रत्येकजण दुसऱ्याशी मोठमोठ्यानं बोलत होता. काउंटरवरच्या मुलीनं भोंग्याकडे बघितलं आणि विचारलं, "तपासणी?" तो 'नाही' म्हणायला गेला, पण घशातून काहीच निघालं नाही. मुलगी सवयीनं समजली की याला ऐकू आलेलं नाही. तिनं दंडाला धरून त्याला एका छोट्या काचेच्या खोलीत नेऊन बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि दार लावून घेतलं.

काचेपलीकडे यंत्रासमोर एक बाई येऊन बसली. पांढऱ्या झालेल्या केसांचा सैल अंबाडा, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. त्याच्यापेक्षा दहाएक वर्षांनी तरी मोठी. ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तिनं तोंडापुढे एक पुठ्ठा धरला.

"आता मी शब्द म्हणेन," हेडफोनमधून ती म्हणाली. "ऐकू आला तसा तुम्ही म्हणायचा. न कळल्यास अंदाजानं म्हणा, घाबरायचं काही नाही."

भोंग्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला. आवाज तोच होता. फक्त आजवर तो कधीतरी बोलून ठेवलेला असायचा. आता ती समोर होती आणि आवाज आत्ताचा होता.

"दार."

"दार," तो म्हणाला.

"पाणी."

"पाणी."

"उशी."

"उशी."

ती एकेक शब्दाला आवाज कमी करत गेली. दिवा, माती, बोट, सावली. शेवटी शेवटी तर तो आवाज म्हणजे कानाशी नुसती हवा हलल्यासारखा होता, तरी भोंग्याचा एक शब्द चुकला नाही. तिनं भुवया उंचावल्या, यंत्राकडे बघितलं आणि पुठ्ठा तसाच धरून म्हणाली, "तुमचे कान तर तरण्याताठ्या माणसाला लाजवतील. मग आलात कशाला?"

तिनं आपल्याला ओळखलं नाही, हे भोंग्याच्या तेव्हा लक्षात आलं. घरच्या आवाजात तो ससाणा नव्हताच मुळी. आता सांगायचं कसं? मी अमुक, असं सांगायला जीभ वळेना. बाकड्यावरची म्हातारी मंडळी काचेतून टकामका बघत होती. त्यानं डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि पहिल्या भागातल्या त्या माजोरड्या पोराच्या आवाजात ओरडला, "टिटवीनं समुद्र आटवायचा म्हणे!"

आवाज मध्येच फाटला. पंचविशीचा माज त्रेचाळिशीत कुठून आणणार?

मग पुठ्ठा खाली आला. ती हसत होती, आणि ते हसू या वेळी दाबलेलं नव्हतं.

"अहो, हळू," ती म्हणाली. "इथे सगळे बहिरे असले तरी शेजारी दाताचा दवाखाना आहे."

जेवणाच्या सुट्टीत दोघं मागच्या खोलीत बसले. तिनं चहा केला, बिस्किटांचा डबा पुढे ठेवला. गेममध्ये इतकी वर्षं एकमेकांना अरे-तुरे केलेली माणसं, पण इथे दोघांच्याही तोंडून अहो-जाहोच निघत होतं. तिनं आपलं सांगितलं. नवरा रस्त्यांवरचे पूल तपासायला हिंडतो, मुलगा शिकून दूर नोकरीला लागलाय.

"गेम तोच खेळायचा," ती म्हणाली. "मी मागे उभी राहून बघायची. मी बोललेलं असायचं आदल्या वर्षी. तुमचं उत्तर मला कळायचं ते असं, वर्षभरानं, कुकरसमोर उभी असताना."

"म्हणजे बोलताना माझा आवाज तुमच्या कानात नसायचा?"

"कुठला हो! मी आधी बोलायची ना. आमच्या स्टुडिओतला पोऱ्या तुमची वाक्यं वाचायचा. वीजबिल वाचल्यासारखी."

भोंग्यानं कप खाली ठेवला. "आणि खोपटातलं? 'जा ना, जिंकशील'?"

"ते मी माझ्या बहिणीला म्हणत होते. पाठची बहीण. आम्ही दोघी गायला शिकायचो. ती माझ्यापेक्षा पुढे होती, आणि मला ते सहन व्हायचं नाही. मग ती फार लांब गेली. फोन येतो अधूनमधून. पण तशी चुरस पुन्हा कुणाशी झाली नाही." बिस्किटाचा तुकडा तिच्या बोटांत तसाच होता. "टिटवी करताना समोर कायम तीच असायची."

त्यानं आणखी एक विचारायचं ठरवलं होतं. विचारू नये असंही वाटत होतं. विचारलं. "त्या तुकड्याच्या शेवटी तुम्ही कुणाला तरी म्हणालात, परत ऐकवा ना ते."

"म्हणाले असेन. माझा 'जिंकशील'मधला 'श' फाटत होता. तो बघायला." तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला काहीतरी कळलं. किती कळलं, कोण जाणे. "तुम्हाला काय वाटलं?"

"काही नाही," भोंगा म्हणाला.

बाहेर कुणीतरी मोठ्यानं विचारत होतं की यंत्राची बॅटरी किती दिवस पुरते. ती उठून सांगून आली. परत बसल्यावर तिनंच पाचव्या भागाचं काढलं. निर्मात्यांचा फोन आला होता, नीट बोलले होते, वाईट वाटलं, मग वाटेनासं झालं.

"त्याला ती सापडते का?" तिनं विचारलं.

"नाही. अगदी शेवटी खिंडीपलीकडे तिची टपालाची पिशवी सापडते. झाडाला अडकवलेली."

"पिशवी?" ती एकदम ताठ झाली. "ती पिशवी टाकून जाईल होय? चार भाग पुरात, बर्फात ती पिशवी छातीशी धरून पळाली ती बाई. ती स्वतः पडेल, पिशवी पडू देणार नाही. कुणी लिहिलं हे?"

तेवढ्यापुरती भोंग्याला ती टिटवी दिसली. खुर्चीत बसलेली, पांढऱ्या अंबाड्याची.

परत आल्यावर त्यानं लेखिकाबाईला जसंच्या तसं सांगितलं. तिनं जीभ चावली. "शंभर टक्के खरं. मलाच कसं सुचलं नाही?" दुसऱ्या दिवशी ती निर्मात्याच्या खोलीत शिरली आणि पिशवीचा मुद्दा लावून धरला. ज्यांनी चारही भाग खेळलेत ते पहिल्याच दिवशी ही चूक पकडतील, आपली अब्रू जाईल, वगैरे. तिची इतकी वर्षांची मेहनत त्या बोलण्यात होती. शेवटी एक छोटा प्रसंग मिळाला: ससाणा खिंडीपलीकडे पोचतो, पिशवी एका घराच्या खुंटीला दिसते, दाराआड टिटवी असते. दोघांची मिळून पाच-सहा वाक्यं. लेखिकाबाईनं आणखी एक मागून घेतलं, की ही वाक्यं दोघं एकाच खोलीत, एकाच वेळी बोलतील.

ती आली. हिरवट साडी, हातात प्रवासाची छोटी बॅग. मास्तरनं दोन माइक समोरासमोर लावले होते. दिवे मंद केले होते. सगळे काचेपलीकडे श्वास रोखून उभे.

आणि जमेना.

भोंगा तिच्याकडे बघायचा तर तिच्या चष्म्याची दोरी दिसायची. ती त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघून बोलायची. एकाचं वाक्य संपलं की दुसरा मान तुकवून 'आता मी?' असं विचारायचा. पुन्हा घेतलं. पुन्हा घेतलं. लेखिकाबाईच्या पेनाचं टोपण तुटलं. शेवटी मास्तर बटण दाबून म्हणाला, "राग मानू नका, पण तुम्ही दोघं रांगेत पुढे कोणी जायचं यावरून एकमेकांना आग्रह करताय."

ती हसायला लागली. "मला शेजारच्या खोलीत उभं करा बघू."

मास्तरनं माइक हलवला. मध्ये भिंत आली. भोंगा पुन्हा एकटा उभा राहिला, हेडफोन चढवले, आणि कानात तिचा श्वास आला.

"कोण आहे?" ती म्हणाली.

"मी."

"मग बाहेर का उभा? दार उघडंच आहे."

"दिसतंय ते. आत कसं यायचं, ते कधी शिकलो नाही."

ती हसली. संहितेत तेवढंच होतं, 'टिटवी हसते'. पण ते हसणं त्याच्या शब्दाला लागूनच आलं, मध्ये वर्ष नव्हतं, महिनाही नव्हता. मास्तरनं हात वर करून 'झालं' अशी खूण केली. तरी भोंग्यानं हेडफोन काढले नाहीत. भिंतीपलीकडे तिनंही काढले नसावेत, कारण तिचा श्वास अजून ऐकू येत होता.

संध्याकाळी तो तिला बस थांब्यापर्यंत सोडायला गेला. वाटेत चपलांबद्दल, गुडघ्यांबद्दल, तिच्या मुलाच्या नोकरीबद्दल बोलणं झालं. भाची गुडघ्यांचे कोणते व्यायाम सांगते, तेही त्यानं सांगितलं. थांब्यावर गर्दी नव्हती.

"तुम्हाला काहीतरी बोलायचंय," ती म्हणाली.

"हो. पण समोरासमोर मला जमत नाही, बघितलंत ना."

तिनं त्याच्याकडे पाठ केली आणि बस ज्या बाजूनं यायची त्या रस्त्याकडे बघत उभी राहिली. "बोला."

"मी तुमची वाट बघायचो," भोंगा म्हणाला. "तुम्ही दोन-तीन वर्षांतून एकदा यायचात. तेवढ्यावर मधली वर्षं जायची. तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता हे आता कळलं. तरी गेलेली वर्षं काही परत करावीशी वाटत नाहीत."

ती पाठमोरीच म्हणाली, "आधी माहीत असतं, तर एखादं वाक्य तुमच्यासाठी बोलले असते."

"आज बोललात की."

"हो," ती म्हणाली. "आजचं तुम्हालाच होतं."

बस आली. ती चढली, खिडकीशी बसली, आणि वळणावर बस दिसेनाशी झाली. भोंगा जरा वेळ थांबला आणि घरी आला. ताईनं जेवायला वर बोलावलं होतं. भाची ताट घेऊन त्याच्या समोर बसली, तिला दम धरवेना.

"सांग ना मामा. शेवट काय केला ससाण्याचा?"

"दारात उभा आहे."

"आणि मग? आत गेला का?"

"गेम तिथेच संपतो."

"असं कसं? तू केलायस ना तो? तुला माहीत नाही?"

भोंग्यानं पाण्याचा पेला भरला, ताईकडे सरकवला, आणि मग स्वतःचा भरला.

"नाही गं," तो म्हणाला. "मलाही अजून कळलेलं नाही."